राज्य चालवणारे हात कुणाचे होते?

कोपरखैरण्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "माझी मुलगी नववीत आहे. परवा जेवताना म्हणाली, आपण सत्याग्रह केला आणि इंग्रज गेले, मग अल्जीरियात लाखो माणसं का मेली? त्यांना सत्याग्रह करता आला नसता का? तिचे बाबा म्हणाले, इंग्रज महायुद्धात कंगाल झाले म्हणून गेले. आजोबा म्हणाले, आझाद हिंद सेना आणि नौदलाचं बंड झालं म्हणून गेले. मी म्हटलं, गांधीजींमुळे. ती आम्हा तिघांची तोंडं बघत बसली. वसाहती नेमक्या स्वतंत्र होतात कशा?"

ताई, ठाण्यात मी ३३ वर्षं इतिहास शिकवला आणि हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. सुरुवातीला मी सरधोपट उत्तर द्यायचो: मवाळ, जहाल, क्रांतिकारक, गांधीयुग, १९४२, १९४७. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत उतरवायची आणि विसरायची. पुढे मी वर्गाला घेऊन चिरनेरला जायला लागलो आणि तिथे माझंच उत्तर बदललं. म्हणून तुमच्या मुलीच्या अल्जीरियाला मी चिरनेरवरून जाणार आहे.

चिरनेर उरण तालुक्यात आहे, तुमच्या घरापासून फार दूर नाही. १९३० साली एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि आपल्या किनाऱ्यावरही मिठाचा सत्याग्रह पेटला. पण पावसाळा लागला की मिठागरं बंद. चळवळ तर थांबवायची नव्हती. म्हणून आपल्याकडे लोक जंगलाकडे वळले. जुलैमध्ये बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, आणि सप्टेंबरपर्यंत ती लाट उरण-पनवेलच्या डोंगरांत पोचली.

जंगलच का, हे शहरात वाढलेल्या मुलांना पटकन कळत नाही. इथली भातशेती राबावर चालायची. पेरणीआधी रोपाच्या जागेवर कवळं (म्हणजे छाटलेल्या पालेदार फांद्या), पालापाचोळा, शेण पसरून ती जमीन भाजायची, म्हणजे तण मरतं आणि राखेचं खत होतं. कवळं कुठून आणायची? जंगलातून. सरकारनं जंगल राखीव केलं आणि बापजाद्यांपासून चालत आलेलं काम एका रात्रीत चोरी ठरलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही तक्रार इतकी धुमसत होती की १८८०च्या दशकातच मुंबई सरकारला जंगलांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला होता. चिरनेरच्या माणसाला 'साम्राज्यवाद' हा शब्द ठाऊक असायची काही गरज नव्हती. डोक्यावर कवळांचा भारा घेऊन उतरताना वाटेत जो रखवालदार अडवायचा, दंड करायचा, कोयता काढून घ्यायचा, तोच त्याच्यासाठी इंग्लंडचा बादशहा होता.

२५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतली माणसं कोयते घेऊन चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर चढली. झाडं तोडायची, कायदा मोडायचा, पकडलं तर तुरुंगात जायचं, एवढाच बेत होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ८ गावकरी मेले. मामलेदार जोशीही त्याच दिवशी तिथेच मारले गेले.

त्या डोंगरावर कोण कोण होतं, हे मी मुलांना तिथेच उभं राहून मोजायला सांगायचो. कोयतेवाले आगरी, कोळी, कातकरी. समोर मामलेदार, मराठी. बंदुका धरलेले शिपाई आणि जंगलखात्याची माणसं, इथलीच. इंग्रजी कायदा इंग्रजी गोळीनं राखला जात होता, पण त्या डोंगरावर साहेबानं स्वतः चढून यायची गरज नव्हती. त्याचं काम करायला आपली माणसं होती. पगार होता, हुद्दा होता, पेन्शन होती.

माझं उत्तर इथून सुरू होतं. १९३१च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या ३५ कोटींच्या आसपास भरली. एवढ्या मुलखावर राज्य करणाऱ्या आयसीएस, म्हणजे वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांची संख्या साधारण हजार-बाराशे, आणि त्यातही तोपर्यंत बरेच हिंदी होते. हे गणित बंदुकीच्या जोरावर बसत नाही. ते बसतं तलाठी, फौजदार, कारकून, शिपाई, सैनिक, रेल्वेचा फायरमन आणि गोदीतला हमाल यांच्या हातांवर. जवळजवळ प्रत्येक वसाहतीत हेच होतं. म्हणून "शस्त्र की अहिंसा" याआधी मी वेगळं विचारतो: इथलं राज्य कुणाच्या हातांनी चालतं, आणि ते हात काढून घ्यायचा रस्ता कोणता?

तुमच्या घरातली तिन्ही उत्तरं याच प्रश्नात बसतात. आधी तुमचं घेतो.

गांधीजींनी असहकार हा शब्द उगाच निवडला नव्हता. १९०९ साली त्यांनी लिहून ठेवलं होतं की इंग्रजांनी हिंदुस्थान घेतलेला नाही, आपण तो त्यांना दिला आहे. मीठ, परदेशी कापड, दारूची दुकानं, सारा, जंगल हे सगळे असे विषय होते की सरकारची तिजोरी आणि सरकारचा धाक दोन्ही एकदम उघडे पडावेत. सत्याग्रहाची खरी करामत मला तुरुंगात दिसते. माणसं तुरुंगाला भ्यायची, तोवर तुरुंग हे सरकारचं हत्यार होतं. १९३०मध्ये माणसं रांगा लावून आत जायला लागली तेव्हा तेच सरकारपुढचं ओझं झालं: जागा नाही, धान्य नाही, आणि बाहेर धाकही नाही.

आयर्लंडनं हे आपल्याआधी केलं होतं. तिथले पोलीस मुख्यतः आयरिशच होते. १९१९मध्ये तिथल्या बंडखोर संसदेनं पोलिसांवर सामाजिक बहिष्कार पुकारला: त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना सामान विकायचं नाही. त्याच्या जोडीला गोळीबारही होता, तो लपवायचं कारण नाही. पुष्कळ पोलिसांनी राजीनामे दिले. सरकारी कोर्टं ओस पडली आणि लोक बंडखोरांच्या कोर्टात दावे नेऊ लागले. १९२०च्या जूनमध्ये तर आपल्या जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीनं, घरी काय चाललंय ते ऐकून, हत्यारं खाली ठेवली. साम्राज्याचा एक हात दुसऱ्या वसाहतीत बसून निखळला. जेम्स डेली या शिपायाला त्यासाठी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या.

आपल्या साताऱ्यातलं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच जातकुळीचं. गावोगावी न्यायदान मंडळं, सावकारांना वेसण, गुंडांचा बंदोबस्त. लोकांचे तंटे आपण मिटवायला लागलो की ब्रिटिश कोर्टाची पायरी गवतात बुडते. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाडजवळच्या सिद्धगडावर भाई कोटवालांचा आझाद दस्ता होता. माथेरानचे कोटवाल पेशानं वकील. बेचाळीसच्या आधी ते आदिवासी आणि कुळांसाठी शाळा, धान्यकोठारं चालवत होते. बेचाळीसला त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली, कारण मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे त्या विजेवर चालत होत्या आणि ब्रिटिशांची लढाई त्या गिरण्यांच्या मालावर. माणूस न मारता यंत्र बंद पाडायचं. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला, त्यात कोटवाल आणि हिराजी पाटील गेले. मला नेहमी वाटतं, धान्यकोठाराचा हिशेब ठेवणारा माणूस होता म्हणूनच लोकांनी त्याला महिनोन्‌महिने जंगलात पोसलं. बंदुका नंतर आल्या.

बंदुकीबद्दलही सरळ बोलतो, कारण ठाण्यात राहून तो विषय टाळता येत नाही. तुम्ही ठाणे स्टेशनवरून कोर्टनाक्याकडे गेलात की जेलची भिंत दिसते. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी, आणि मग त्यांनी त्याचा तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० रोजी इथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला आदल्या डिसेंबरमध्ये विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या म्हणून. कान्हेरे तेव्हा १८ वर्षांचे होते. त्यांच्या धैर्यापुढे मी मान खाली घालतो. पण शिक्षक म्हणून मुलांना मला हेही सांगावं लागतं की जॅक्सन गेला, पुढचा कलेक्टर आला, आणि कचेरीतले कारकून दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते. ती गोळी साहेबाला लागली, त्याच्या हातांना लागली नाही. तिनं दुसरं काम केलं. राज्य अजिंक्य आहे ही समजूत तिनं फोडली, आणि तेही थोडं काम नव्हे. मात्र समजूत फुटण्यापासून राज्य थांबण्यापर्यंत ३७ वर्षं गेली.

आता आजोबांचं उत्तर. त्यात मोठं तथ्य आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला फार कमी जागा दिली असं माझं मत आहे.

१९४५च्या नोव्हेंबरमध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सरकारला धडा शिकवायचा होता, आणि देशभर मोर्चे निघाले. निकालात जन्मठेप झाली, पण सरसेनापती ऑकिनलेकनं ती शिक्षा माफ केली. कोर्टातला न्यायाधीश नव्हे, सैन्याचा प्रमुख शिक्षा मागे घेतो, याचा अर्थ मुलीला नीट समजावून सांगा. आपल्या हिंदी सैनिकांना काय वाटेल, याची त्याला धास्ती होती.

१८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत, कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी निकृष्ट जेवणावरून संप केला. बघता बघता ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २० हजार खलाशी त्यात आले. २२ तारखेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी हरताळ पाळला, गोळीबारात २००हून जास्त माणसं मेली. २३ तारखेला बंड मागे घेतलं गेलं. ते फसलं, असं लिहितात. पण हिंदी शिपायांच्या भरवशावर आणखी किती वर्षं राहायचं, या प्रश्नाचं उत्तर त्या पाच दिवसांत मिळालं होतं.

याच दिवसांतली एक गोष्ट मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हट्टा यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. जपान हरला होता, डच अजून परतले नव्हते. मधल्या काळात ताबा घ्यायला ब्रिटिशांनी तिथे हिंदी फौजा पाठवल्या, आणि सुराबाया शहरात उतरलेल्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. देशावरच्या, कोकणातल्या खेड्यांतून आलेली पोरं, स्वतःचा देश गुलाम, आणि ती इंडोनेशियाच्या पोरांवर गोळ्या झाडायला उभी. पुष्कळ मेले. काही हिंदी सैनिक पलटण सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. इकडे नेहरूंनी हिंदी सैनिकांच्या या वापरावर जाहीर संताप व्यक्त केला. आणि तिकडे ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत, गोदी कामगारांनी डच जहाजं भरायला नकार दिला. त्या बहिष्कारात इंडोनेशियन, चिनी आणि हिंदी खलाशी होते. एक हिंदी हात बंदुकीवर, दुसऱ्या हिंदी हातानं दोर सोडून दिला. साम्राज्य कसं चालतं आणि कसं थांबतं हे शिकवायला मला याहून चांगलं चित्र सापडलेलं नाही.

बाबांचं उत्तर पैशाचं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच हिंदुस्थानचं देणं लागत होतं, सुमारे १३० कोटी पौंड. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. १९४६मध्ये इंग्लंडात पावावर रेशन आलं, जे युद्धातही नव्हतं. हे सगळं खरं. पण दिवाळखोर माणूस स्वतःहून दुकान बंद करतोच असं नाही. त्याच कंगाल ब्रिटननं पुढची कितीतरी वर्षं मलाया आणि केनिया सोडले नाहीत, आणि नेदरलँड्सनं, जर्मनांनी पाच वर्षं लुटलेल्या देशानं, १९४७ आणि १९४८ साली इंडोनेशियावर दोनदा हल्ले चढवले. कंगाली केव्हा कामी येते? मुलूख सांभाळायचा खर्च लोकांनी वाढवून ठेवला असेल तेव्हा. डचांना शेवटी अमेरिकेनं मदत थांबवायचा इशारा दिला, कारण इंडोनेशियन गनिमी फौजा हटत नव्हत्या आणि जगात अब्रू जात होती. २७ डिसेंबर १९४९ला सत्तांतर झालं. पैसा गणितात असतो, पण समीकरण लोक मांडतात.

यानंतर आफ्रिकेकडे चला. घानाला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत. तिथले हजारो सैनिक महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले, आपल्याच सैनिकांच्या बरोबरीनं. परत गेल्यावर पेन्शन नाही, काम नाही, महागाई अफाट. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ते निःशस्त्र मोर्चानं आक्राच्या गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले. चौकात पोलिसांनी अडवलं. ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यानं गोळीबाराचा हुकूम दिला, आणि त्याच्या आफ्रिकी शिपायांचे हात अडखळले. मग त्यानं स्वतः एक रायफल हिसकावून घेतली आणि झाडली. ३ माजी सैनिक ठार झाले. शहर पेटलं.

हे वर्गात सांगताना मी दर वेळी थांबायचो. चिरनेरला साहेबाला डोंगर चढावा लागला नव्हता. आक्राच्या चौकात साहेबाला स्वतः घोडा ओढावा लागला. ज्या दिवशी ही वेळ येते, त्या दिवशी त्या राज्याचे दिवस भरले असं समजावं, मग कागदोपत्री निशाण कितीही वर्षं फडको. तिथले नेते क्वामे एन्क्रुमा यांनी १९५०च्या जानेवारीत बहिष्कार आणि संपाची हाक दिली, ते तुरुंगात गेले, १९५१च्या फेब्रुवारीत तुरुंगातूनच निवडणूक जिंकली, आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. गांधीजींचा त्यांच्यावरचा प्रभाव त्यांनी स्वतः मान्य केला होता.

तर मग अल्जीरियात हे का झालं नाही? आता तुमच्या मुलीच्या प्रश्नावर आलो.

फ्रान्सनं १८३०मध्ये अल्जीरिया घेतला आणि पुढे तो वसाहत मानायचंच सोडून दिलं. कागदावर तो फ्रान्सचाच भाग झाला. सुपीक जमिनींवर युरोपातून आलेले लोक वसवले. १९५४ साली तिथे सुमारे १० लाख युरोपीय आणि साधारण ९० लाख अल्जीरियन मुसलमान होते. हे १० लाख म्हणजे नुसते साहेब नव्हते. ट्रॅमचा ड्रायव्हर, पोस्टातला कारकून, शिक्षक, पोलीस, गॅरेजवाला हे सगळे त्यांच्यातले. हिंदुस्थानात सगळे असले हात हिंदी होते. अल्जीरियात राज्याला स्वतःचे हात होते, आणि ते हात तिथेच जन्मलेले, तिथेच मरणार असलेले. अल्जीरियनांनी काम सोडलं तर हाल अल्जीरियनांचेच व्हायचे. सरकार चालूच राहायचं.

आणि त्यांनी सनदशीर मार्ग धरला नाही, असं मुलीनं समजू नये. फरहात अब्बास हे तिथले मवाळ नेते. त्यांनी १९४३मध्ये समान हक्कांचा जाहीरनामा दिला. ८ मे १९४५ रोजी, युरोपात विजयोत्सव चालू असताना, सेतिफ गावात अल्जीरियाचा झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात संतापलेल्या लोकांनी शंभरएक युरोपीय मारले आणि सूड म्हणून फ्रेंच सैन्यानं हजारो अल्जीरियन मारले. १९४८च्या निवडणुकीत सरकारनं उघड उघड घोटाळा केला. मतपेटीचा रस्ता असा बुजवल्यावर १ नोव्हेंबर १९५४ला राष्ट्रीय मुक्ती आघाडीनं बंदूक उचलली. दोन वर्षांनी अब्बासही त्यांना जाऊन मिळाले.

सत्याग्रहाच्या अगदी जवळचं एक पाऊलही त्यांनी टाकलं. १९५७च्या जानेवारी अखेरीस अल्जिअर्स शहरात ८ दिवसांचा बंद पुकारला. फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी दुकानांची शटरं साखळदंडांनी ओढून उपटली, माणसांना घरांतून काढून ट्रकमध्ये घालून कामावर नेलं. त्यानंतर पकडापकडी आणि छळ यांचा असा वरवंटा फिरला की वर्षअखेरीपर्यंत शहरातली संघटना संपलीच होती. मुक्ती आघाडीनंही कॅफेंमध्ये बॉम्ब ठेवले, निरपराध माणसं मारली, आपल्यातल्या विरोधकांचेही गळे कापले. हे सांगताना मी कुणाला पाठीशी घालत नाही. लढा न्याय्य असला म्हणून त्यातलं प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाही, आणि हे नववीतल्या मुलीला कळतं.

म्हणजे लष्करी हिशेबानं फ्रान्स जिंकत होता. तरी हरला कसा? दोन प्रसंग सांगतो. ११ डिसेंबर १९६०. अध्यक्ष द गॉल दौऱ्यावर असताना, ज्या अल्जिअर्समधला लढा चिरडला होता त्याच शहराच्या गरीब वस्त्यांतून बायका, पोरं, म्हातारी माणसं घरी शिवलेले हिरवे-पांढरे झेंडे घेऊन रस्त्यावर आली. गोळ्या खाल्ल्या, पण परत फिरली नाहीत. नेतृत्व संपवलं तरी लोक संपले नव्हते.

दुसरा प्रसंग १९६१च्या एप्रिलमधला. द गॉल अल्जीरिया सोडणार हे दिसताच चार फ्रेंच सेनापतींनी अल्जिअर्समध्ये बंड केलं. सैन्यात सक्तीच्या भरतीनं आलेली फ्रेंच तरुण मुलं होती, त्यांच्याकडे छोटे ट्रान्झिस्टर रेडिओ होते. २३ तारखेला रात्री द गॉलनं रेडिओवरून सांगितलं की या सेनापतींचे हुकूम कुणीही पाळू नयेत. बराकीबराकीत पोरांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हुकूम पाळायचं थांबवलं. थोड्याच दिवसांत बंड कोसळलं. अल्जीरियात राज्य ज्या हातांवर उभं होतं ते फ्रेंच हात होते. म्हणून ते फ्रेंच हातच निसटायला लागले, आणि त्याला साडेसहा वर्षं आणि लाखो मुडदे लागले. १९६२च्या मार्चमध्ये एव्हियाँचा करार, जुलैमध्ये स्वातंत्र्य. युरोपीय वस्तीतले बहुतेक लोक काही महिन्यांत देश सोडून गेले. फ्रेंचांच्या बाजूनं लढलेल्या हारकी नावाच्या स्थानिक शिपायांपैकी हजारो मागे राहिले आणि मारले गेले. त्यांचं दुःख दोन्ही देशांनी फार उशिरापर्यंत ऐकलं नाही.

केनियातही गोरे शेतकरी वसलेले होते आणि तिथेही रक्त सांडलं, त्याच कारणानं. माऊ माऊ उठावाची मूळ मागणी जमिनीची होती. ब्रिटिशांनी हजारावर माणसं फासावर दिली. २०१३ साली त्यांनी छळाबद्दल खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांना भरपाई मान्य केली. व्हिएतनामबद्दल इतकंच: दिएन बिएन फूला १९५४च्या मे महिन्यात फ्रेंच खरोखरच रणांगणात हरले. वसाहतीच्या सैन्यानं साम्राज्याला समोरासमोर लढाईत असं हरवल्याची उदाहरणं फार थोडी. त्या डोंगरांतल्या फौजेला रसद पोचवली ती सायकलींवर आणि खांद्यांवर ओझी वाहणाऱ्या शेतकऱ्यांनी.

पोर्तुगालचा शेवट मात्र आपल्याला जवळचा आहे, कारण वसईचा किल्ला त्यांचा आणि ठाण्याच्या जेलची पहिली भिंतही त्यांचीच. १९६१च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्यानं गोवा घेतला, तेव्हाही त्यांच्या हुकूमशहानं तो मान्य केला नाही. अंगोला, गिनी-बिसाऊ, मोझांबिक इथे पोर्तुगीज सैन्य १०-१३ वर्षं लढत राहिलं. लढता लढता त्यांच्याच तरुण अधिकाऱ्यांना कळून चुकलं की आपण लिस्बनमधल्या हुकूमशाहीसाठी मरतोय. २५ एप्रिल १९७४ रोजी त्यांनी लिस्बनमध्ये ती उलथून टाकली. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोवली. दीड वर्षात आफ्रिकेतल्या वसाहती मोकळ्या झाल्या, आणि १९७४च्या अखेरीस पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्वही मान्य केलं. इथे वसाहतींनी राज्यकर्त्या देशालाही सोडवलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे उत्तर पुरं वाटणार नाही. साम्राज्य जाताना बिल लावून जातं. हैतीतल्या गुलामांनी १७९१ ते १८०४ लढून फ्रान्सला हाकललं, आणि १८२५मध्ये फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई वदवून घेतली. पुढे ती ९ कोटींवर आली, पण तेवढी फेडण्यात पिढ्या गेल्या. इंडोनेशियाला डच सरकारचं ४३० कोटी गिल्डरचं कर्ज डोक्यावर घ्यावं लागलं, ज्यात त्यांच्यावरच केलेल्या हल्ल्यांचा खर्चही होता.

आणि जाताना ते घरातले धनी तसेच ठेवून जातं. १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वेठीविरुद्ध लढा उभारला. तिथे 'लग्नगडी' असायचे: लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी फुकट राबायला बांधले जायचे. वारली लढले ते जमीनदार-सावकारांशी, पण १९४५च्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी. गोरा साहेब आणि गावचा सावकार यांचे हात एकमेकांत कसे गुंतलेले होते, हे वारल्यांना लाल किल्ल्यातल्या वकिलांपेक्षा लवकर कळलं होतं. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही त्यांना लढावं लागलं.

मुलीला हे सगळं एका बैठकीत सांगू नका. तिला एकदा चिरनेरला घेऊन जा. आता नेरूळ किंवा बेलापूरहून उरणपर्यंत लोकल जाते, पुढे एसटी किंवा रिक्षा. महागणपतीच्या देवळाजवळ हुतात्म्यांचं स्मारक आहे, २५ सप्टेंबरला तिथे दर वर्षी माणसं जमतात. त्या आठ जणांची नावं तिला मोठ्यानं वाचायला सांगा. नवश्या महादेव कातकरी. रामा बामा कोळी. रघुनाथ न्हावी. आलू बेमट्या म्हात्रे. मग विचारा, यांतलं कोण शाळेत गेलं असेल, आणि समोर बंदूक धरलेल्या माणसाचं आडनाव काय असेल. माझ्या वर्गातली एक मुलगी, उरणचीच, या प्रश्नावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, माझ्या पणजोबांचे भाऊ पोलिसांत होते."